सासूबाईंनी काढली अर्ध्या घराची दृष्ट

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घराला बाजू तीनच आहेत. चौथी शेजारच्या डोरोथीची.

शंभरएक वर्षांपूर्वी कारकून मंडळींना परवडावीत म्हणून बांधलेली ही जोडघरं. मधली भिंत एकच, आणि दोन्हीकडची धुराडी त्याच भिंतीतून शेजारी शेजारी वर गेलेली. तेवढ्याच विटा वाचतात. ही काटकसर मला इतकी आवडते, की पाहुणा टेकायच्या आत मी त्याला भिंत दाखवतो. (माझी बायको मुग्धा तेवढ्यात भाजी चिरून घेते.)

त्या संध्याकाळी डोरोथी चहाला येणार होती. आम्हाला मागे स्वयंपाकघर वाढवायचं होतं. पाया तिच्या हद्दीला लागून खणायचा, त्यामुळे तिने मान डोलावली नाही तर सगळंच लटकणार होतं. तिला खूश करायला मी फळ्या ठोकून बंद केलेली जुनी शेकोटी उघडली, फरश्या घासून चकचकीत केल्या आणि कोळसा पेटवला (बिनधुराचा, कौन्सिलला चालणारा).

पुण्याहून आलेल्या सासूबाईंना निखारे दिसले आणि हुरूप आला. त्यांच्या मते घराला दृष्ट लागली होती, नाहीतर स्वयंपाकघराचं काम इतकं रखडतं? शेजारीण रोज पडद्याआडून बघते, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या त्यांनी भिंतींवरून ओवाळल्या, जाता जाता माझ्यावरूनही, आणि निखाऱ्यांत टाकल्या.

आम्ही नाकाला पदर-रुमाल लावून सज्ज. पण ठसका नाही, वासही नाही!

"बघितलंस, मुग्धा?" सासूबाई म्हणाल्या. "मिरची जाणवत नाही म्हणजे केवढी मोठी दृष्ट!"

ठसका लागेपर्यंत दृष्ट काढायची, असा त्यांचा नियम. त्यांनी आणखी मिरच्या मागितल्या. त्या मी स्वतः आणून दिल्या. शेवटी तर पुडाच दिला.

बेल वाजली. दारात डोरोथी, घरातल्या सपाता घालून, तोंडावर किचन टॉवेल, डोळे लालभडक. तिच्या बैठकीच्या खोलीत कसलासा वायू शिरला होता आणि तो आमच्याकडेही आला का, हे ती शिंकांमधून विचारत होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात धुराडी आली. आमचं वरचं तोंड पक्ष्यांच्या घरट्यानं बुजलेलं, दोन्ही धुराड्यांमधल्या विटा कुठेतरी ढासळलेल्या, आणि आमच्या सगळ्या मिरच्या तिच्या शेकोटीतून बाहेर!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चाचरत दृष्टीचा प्रकार सांगितला.

"कोणाची दृष्ट?" तिने विचारलं.

मी फरश्या निरखू लागलो. सासूबाईंचं इंग्रजी मोजकं, पण प्रामाणिक आहे.

"नेबर," त्या म्हणाल्या.

डोरोथीने डोळे पुसले. "मग उतरली असणार. मला आत्ता तुमचं घर काय, तुम्हीसुद्धा दिसत नाही आहात."

तिने होकार दिला. आधी धुराडं दुरुस्त करा, एवढीच अट. स्वयंपाकघर झालं. भिंतीचं कौतुक सांगणं मात्र मी सोडलं आहे. आता ते डोरोथी सांगते. पाहुण्यांना आधी तिची शेकोटी दाखवते, मग खिडकीतून मला.

"आणि हे गृहस्थ," ती म्हणते, "इंजिनीअर आहेत."