गोट्यांवरून चढणारी जीप

फाल्गुनातल्या दुपारी आमच्या धुळ्याच्या घरात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं आणि टेबलावर पसरलेल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर सावकाश चढत जातं. लाल ठोकळा त्या उन्हात आतून पेटल्यासारखा दिसतो, पिवळा अधिक पिवळा होतो, आणि पारदर्शक तुकड्यांतून भिंतीवर रंगांचे पुसट कवडसे उमटतात. मी चित्रकलेचा शिक्षक. रंगांच्या सहवासात सारं आयुष्य गेलं, तरी या निर्जीव, कारखान्यातून निघालेल्या रंगांकडे पाहताना मन अजून निवांत होतं.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या टेबलावर खेळण्यातले ठोकळे कशासाठी, हा प्रश्न घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मी वाचला आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा ठोकळ्यांचा डबा मागे राहिला. एका रविवारी मी तो सहज उघडला आणि उघडाच राहिला. या ठोकळ्यांत नुसत्या विटा नसतात. भोकं असलेल्या पट्ट्या असतात, दातेरी चक्रं, दांडे, स्प्रिंगा, रबरी चाकं, बोटाएवढी मोटर असते. त्यांतून मी खडकांवर चढणाऱ्या जीप रचू लागलो. कुणाच्या नकाशाबरहुकूम नव्हे, माझ्या मनातल्या. जलरंगात चुकलेला फटकारा कागद फाडल्याशिवाय मिटत नाही. इथे चुकलेली गाडी मोडायची, आणि तेच तुकडे काही न बोलता पुन्हा हाताशी येतात. मोडण्याची भीतीच नसलेली अशी निर्मिती माणसाला आणखी कुठे लाभते?

मुरलीभाऊंची ओळख या छंदामुळेच झाली. जळगावात अशा हौशी मंडळींनी एक छोटं प्रदर्शन भरवलं होतं. मध्यभागी दगडगोटे रचून चढ केला होता आणि ज्याने त्याने आपली गाडी त्यावरून न्यायची होती. माझी जीप आभाळी रंगाची, दुधी टपाची. लोक थांबून फोटो काढत होते. पहिल्या मोठ्या गोट्यावर ती अलगद कलंडली आणि पाठीवर पडून चाकं हलवत राहिली. तिच्यामागून एक बुटकी, फताडी, बेडकासारखी गाडी आली आणि तो चढ मुकाट चढून गेली. तिचा मालक सावद्याचा केळीचा व्यापारी होता, माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा, धोतराच्या सोग्यासारखा रुमाल खांद्यावर टाकलेला. माझी जीप उचलून हातात तोलत तो म्हणाला, "मास्तर, गाडी देखनी हाये तुमची. पन सगळं वजन डोक्यात हाये तिच्या. पोटात आना."

हे मुरलीभाऊ. त्या दिवसापासून मी त्यांना वरचेवर भेटू लागलो. सुटी लागली की मी सावद्याला जायचो, किंवा ते प्रमिलावहिनींना घेऊन धुळ्याला यायचे. केळीच्या बागांतल्या चिखलवाटांनी ट्रॅक्टर आणि ट्रक कसे फसतात आणि कसे निघतात, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं. मी डौल पाहायचो, ते चाल पाहायचे. त्यांच्या संगतीत माझ्या जीप थोड्या ठेंगण्या झाल्या, आणि माझ्या नादाने त्यांच्या गाड्यांना निदान दोन्ही दारं एका रंगाची येऊ लागली. वहिनी मात्र या साऱ्यापासून अंतर राखून असायच्या. चहा ठेवायच्या, आमच्याकडे बघून हसायच्या, आणि आपल्या कामाला निघून जायच्या.

पहिली शंका आली ती एका पिनेवरून. दोन पट्ट्या जोडायला लहानशा पिना लागतात. त्यांतली काळी घट्ट बसते, करडी सैल फिरते. चाकांचा दांडा खालीवर हलायचा असेल तर तिथे करडीच हवी. मुरलीभाऊंच्या नव्या गाडीचा दांडा ताठ झाला होता, गोट्यावर चढताना चाक वर उचलत नव्हतं. मी वाकून पाहिलं तर सांध्यात काळी पिन. अशी चूक त्यांच्या हातून होणं अशक्य. मी नुसता त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते म्हणाले, "करडी समजून लावली. मले आता दोन्ही एकच दिसतात."

रक्तातल्या साखरेने त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर घाला घातला होता. जळगावला उपचार झाले, पुष्कळ झाले. उरली आहे तेवढी दृष्टी टिकावी, एवढीच आशा डॉक्टर देत होते. समोरच्या वस्तूच्या मधोमध एक राखी डाग, कडेने थोडा उजेड, माणसांच्या हलत्या आकृत्या, एवढंच जग त्यांच्या वाट्याला उरलं. व्यापार पुतण्याने सांभाळला. छंद कुणी सांभाळायचा?

दिवाळीच्या सुटीत वहिनींचा फोन आला. त्या मला स्वतःहून कधी फोन करत नसत.

"भाऊ, यायनं ठोकळ्यायचे डबे माळ्यावर टाकायले सांगितले. टाकले म्हून सांगतलं मी. पन टाकले नही. तुमी येता का?"

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. एरंडोल-धरणगावकडच्या शिवारात कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया ओळीने वाकल्या होत्या. भुसावळ ओलांडल्यावर त्या शुभ्रतेची जागा केळीच्या गर्द, ओलसर हिरव्याने घेतली. इतके दिवस या रस्त्याने जाताना मी हे रंग डोळे भरून घ्यायचो. त्या दिवशी मात्र प्रत्येक रंगाशी एकच विचार येत होता, की हा त्यांना आता दिसत नसेल.

मुरलीभाऊ ओसरीत खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर उपडे ठेवलेले. त्या हातांना मी रिकामं कधी पाहिलंच नव्हतं.

मी वाटेत सारी योजना आखली होती, ती उत्साहाने मांडली. प्रत्येक तुकड्याची वेगळी वाटी करू, मी शेजारी बसेन, तुम्ही मागाल तो तुकडा हातात देईन, कल्पना तुमची आणि डोळे माझे. ते शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मंग ती गाडी तुमची होईन, मास्तर. मी नुसता हात लावनारा."

मी ओशाळलो. "मग मी काय करू, तेच सांगा."

"बसा. काहीच करू नका. जमते का तुमाले?"

वहिनी आतून डबे घेऊन आल्या आणि मुरलीभाऊंच्या पुढ्यात ठेवले. माळ्यावर टाकायला सांगितलेले ते डबे. मुरलीभाऊंनी झाकणावर हात ठेवला, ओळखलं, आणि वहिनी उभ्या होत्या त्या दिशेला मान वळवली. मग झाकण उघडलं.

त्या दुपारी मी जे पाहिलं त्याला काय नाव द्यावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. दातेरी चक्राच्या कडेवरून नख फिरवून ते त्याचे दाते मोजत. दांडा तळहातावर आडवा ठेवून त्याची लांबी बोटांनी मापत. पिन पट्टीच्या भोकात घालून फिरवत. अडली तर काळी, फिरली तर करडी. रंग गेला होता, तरी रंगाच्या आडचा गुण त्यांच्या बोटांना सापडला होता. मी मात्र सारखा खुर्चीच्या पुढच्या कडेला येत होतो. हवा तो तुकडा त्यांच्या करंगळीलगत पडलेला असे आणि त्यांचा हात डब्याच्या दुसऱ्या टोकाला चाचपडत असे. मदत करणं किती सोपं, आणि न करता शेजारी बसून राहणं किती जड असतं, हे त्या ओसरीत मला कळलं.

मग एक पिन खाली पडली. फरशीवरून घरंगळत माझ्या पायापाशी येऊन थांबली. मुरलीभाऊ गुडघ्यांवर उतरले आणि तळहाताने फरशी पुसावी तसा हात फिरवू लागले. खुर्चीखाली, भिंतीकडे, उंबऱ्यापर्यंत. मी वाकलो. माझ्या कपड्यांची सळसळ त्यांनी ऐकली असावी.

"सांगू नका," ते म्हणाले.

मी पुन्हा सरळ बसलो. दारात वहिनी उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं, पण त्याही जागच्या हलल्या नाहीत. केवढा वेळ गेला कुणास ठाऊक. अखेर मुरलीभाऊंचं बोट माझ्या चपलेला लागलं, तिथून पिनेला लागलं. ती उचलून त्यांनी पट्टीत बसवली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "तुमच्या वहिनीले सांगा, चहा टाक म्हनावं."

वहिनी तिथेच होत्या. "टाकते," म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

गाडी त्या दिवशी झाली नाही. पुढे महिनाभरही झाली नाही. मधेच सारा सांगाडा हातात सुटला म्हणून ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. विचारपूस करायची, उपाय सांगायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. आणि मग माघात, थंडी ओसरू लागल्यावर, एके सकाळी दोघं माझ्या दारात हजर. वहिनींच्या हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

आम्ही तिघं पांझरेच्या पात्रात उतरलो. पाणी एका कडेला आक्रसलं होतं, बाकी सारे गोल गुळगुळीत गोटे, सकाळच्या उन्हात उबदार झालेले. वहिनींनी टॉवेल सोडला.

"दिसते कशी, मास्तर?" मुरलीभाऊंनी विचारलं. "खरं सांगा."

खोटं बोलायचा मोह मला झाला. पण ज्या माणसाने पिन कुठे आहे हे सांगू दिलं नाही, त्याच्याशी खोटं कसं बोलावं? "पुढचा भाग लाल," मी म्हणालो, "एक दार हिरवं, दुसरं पिवळं. टप निळा, त्यात मधेच एक पांढरी पट्टी. एका रंगाची दुसऱ्याशी ओळखच नाही."

"होईन ओळख," ते म्हणाले आणि रिमोट हातात घेऊन एका मोठ्या गोट्यावर बसले.

शेळ्या चारणारी एक बाई जवळ येऊन थांबली होती. मुलांचं खेळणं समजून तिने अहिराणीत विचारलं, "हाई काय शे भाऊ? पोरेसनी गाडी शे का?"

"नही अक्का, आमनीच शे," मी म्हणालो. ती हसली आणि पदर सावरून तिथेच टेकली.

गाडी निघाली. मुरलीभाऊंची मान किंचित कललेली, नजर कुठेच नाही. चाक नुसतं घसरत असलं की मोटरचा सूर चढतो, पकड आली की उतरतो, हे मलाही ठाऊक होतं. पण मी कधी त्याच्यावर विसंबलो नव्हतो, कारण मला दिसत होतं. ते त्या सुरावरच गाडी हाकत होते. सूर चढला की थांबत, जरा मागे घेत, दुसरीकडून लावत. वाटेत मोठा खडक आला की मी फक्त "उजवीकडे" किंवा "डावीकडे" म्हणायचो, तेही त्यांनी विचारलं तर. पात्रातला सगळ्यांत उंच गोटा ती जवळजवळ चढली आणि पलीकडे कुशीवर कोसळली.

मी धावणार इतक्यात ते म्हणाले, "थांबा. एक चाक धरून राह्यलं अजून." गाडी दोन दगडांच्या बेचक्यात अडकली होती. त्यांनी अगदी हळू मागे घेतली, थांबवली, पुन्हा घेतली. चाकाने दगडाला धरलं, गाडी थरथरत वर उठली आणि चारी चाकांवर उभी राहिली. शेळ्यांवाली अक्का आपल्याशीच काहीतरी पुटपुटली. मुरलीभाऊंनी दीर्घ श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. कामावरून घरी परतलेल्या माणसाची स्वस्थता होती.

त्यांनी रिमोट बाजूला धरला. "घे. चालव."

वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिमोट घेतला. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच एखादी गाडी चालवत होत्या. ती त्यांनी सरळ पाण्याकडे नेली, घाईने वळवली, दगडाला धडकवली, आणि मग हळूहळू दोन गोट्यांमधून अशी सुरेख काढली की मी बघतच राहिलो. त्या गाडीमागे चालत गेल्या, वाकल्या, ती उचलून परत आल्या.

"पुढची मी बनवीन," त्या म्हणाल्या. "रंग मी निवडीन."

"निवड. मले थोडेच दिसनार हायेत?"

"तुमाले नही. मले दिसतीन ना."

पाण्याकडून थोडा वारा आला. मग मुरलीभाऊंनी विचारलं, "मंग मले सांगशीन का, कोनता कुठी लावला ते?"

वहिनी त्यांच्या शेजारी गोट्यावर बसल्या. गाडी मांडीवर घेतली, त्यांचं बोट धरलं आणि दारावर टेकवलं. "हे हिरवं," त्या म्हणाल्या. "केळीच्या नव्या पानासारखं नही. जुन्या पानासारखं, पान्यानं धुतलेल्या."

मुरलीभाऊंनी ते दार बोटाने वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि मान हलवली. वहिनींनी बोट दुसऱ्या दारावर नेलं. मी टॉवेल झटकायच्या निमित्ताने उठलो आणि चार पावलं दूर जाऊन उभा राहिलो. अजून पिवळं, निळं, पांढरं आणि लाल सांगायचं बाकी होतं, आणि आम्हाला कुणालाच घाई नव्हती.