पिवळा दांडा

कामठा गावातल्या एका गृहस्थाच्या अंगणात नेहमी एखादी जुनी जीप खोलून ठेवलेली असते. तिचे सुटे भाग घासून तो त्यांवर रंगाची कोरडी पूड फवारतो आणि विजेची कॉइल बसवलेल्या लोखंडी कपाटात भाजतो. कपाटासमोर उकिडवा बसून आतल्या बंपरला धीर देतो, "होऊन राहिलं, होऊन राहिलं." माणसांशी मात्र तो फक्त प्रश्नांतच बोलतो. चहा घेणार का विचारलं, तर म्हणतो, "काऊन, नाही म्हटलं का मी?"

परवा एका दलालाने विकायची जीप आणली. पुढची चाकं वळवणारा, खालचा स्टिअरिंगचा दांडा तडकलेला होता.

"काळा रंग मार गा. संध्याकाळी गिऱ्हाईक येते. तडा दिसला नाही पाह्यजे."

"गाडीत बसणार कोण? तू का तो?"

दलाल हसून निघून गेला. आपल्या देशात रंगाचा निम्मा धंदा झाकण्यावरच चालतो. मला वाटलं, हाही झाकणार.

संध्याकाळी सगळे भाग जागेवर बसून काळेभोर चमकत होते. तो दांडा तेवढा हळदीसारखा पिवळाधमक! दलालाचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक म्हणजे एक शेतकरी होता, सोबत बायको. तिने जीपच्या पुढून खाली वाकून पाहिलं.

"हा एकच पिवळा कायले जी?"

गृहस्थ दलालाकडे पाहून गोड हसला. "तू सांगतं का मी सांगू?"

दलाल धानाच्या बांधीकडे बघत पुटपुटला, "तडकला हाये. बदलून देतो."

"मंग पाना आणू का?" गृहस्थाने विचारलं, तेव्हा पाना त्याच्या हातातच होता.