पाहुण्यांना आवडलेली चूल

माझ्या बायकोच्या मामांइतका कौतुकाला बळी पडणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात सापडायचा नाही. सिद्धगडाखाली त्यांचं घर. पाहुण्याने एखादी वस्तू छान म्हटली की ती जन्मभर तशीच ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा बोलायला काही सुचेना, म्हणून मी त्यांच्या लाल मफलरचं कौतुक केलं. पुढची बारा वर्षं, मी येणार म्हटलं की भर मे महिन्यातही तो मफलर त्यांच्या गळ्यात. शाळेचे गुरुजी एकदा ‘कोंबडा डौलदार आहे हो’ म्हणून गेले, तर तो कोंबडा त्या घरात म्हातारपणाने वारला. मामी कपाळावर हात मारून म्हणायच्या, “गुरुजींनी माज्या कालवणाला नजर लावली!”

मग माझा पुतण्या जर्मनीहून आला. तिकडे त्याला मोठा पगार आणि पृथ्वीची मनापासून काळजी. मामींच्या चुलीपुढे बसून त्याने गरम भाकरी खाल्ली आणि भारावून म्हणाला, “आजोबा, ही चूल कधी सोडू नका. आमच्याकडे लोक असं जगायला आसुसलेत.” घरात नुकताच गॅस आला होता. मामांनी तो त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकला. शहापुरात माझ्या घरी चहासुद्धा गॅसवर होतो, तरी मीही मान डोलावली. भाकरी खाणारे आम्ही, चूल फुंकणाऱ्या मामी.

पुतण्या दर हिवाळ्यात यायचा, तिकडचे मित्र आणायचा. त्यांना चुलीचे फोटो हवे असत आणि मामी खोकत खोकत हसायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, “जावईबापू, तुमी सांगा ना यांना गॅस खाली काढाया. धूर नाय सोसत आता.” सांगतो म्हणालो. पण जेवणं झाली, एस.टी.ची वेळ झाली, आणि राहून गेलं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मामी गेल्या. आयुष्यभराच्या धुराने छाती पोखरली, असं डॉक्टर म्हणाले.

परवा गेलो तर मामा गॅसवर चहा करत होते. काडी ओढून हात लांब धरत होते, शेगडीला भीत होते. मला पाहून ओशाळले.

“जावईबापू, तुमच्या पुतण्याला नका सांगू. येवढ्या लांबून येतो, वाईट वाटंल त्याला.”

मी बरं म्हणालो. मामींनी माझ्याजवळ काय मागितलं होतं, हे मामांना अजून ठाऊक नाही. ते सांगायचा मला धीर होत नाही.