भरलेला, सांडलेला, चाटूनपुसून

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास ज्युरीमावशी आमच्या बिल्डिंगच्या गेटातून आत आल्या, की पिक्चरचा निकाल लागलाच म्हणून समजायचं. सकाळी लागलेला पिक्चर पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकणार की नाही, ते त्या कुलपात किल्ली फिरवता फिरवता सांगायच्या आणि सहा वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. मी पिक्चरवेडा माणूस. कॉलेजपासूनच्या तिकिटांचे अर्धे तुकडे जपून ठेवलेत, मोबाइलवर चार ग्रुपांत परीक्षणं लिहितो, आणि तरी माझे निम्मे अंदाज पाण्यात जातात. त्यामुळे त्यांच्याबद्दल जेवढं कौतुक वाटायचं तेवढाच रागही यायचा, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्यांचं शास्त्र तीन शब्दांचं. "पिक्चर तीनच जातीचे असतात भाऊ. भरलेला, सांडलेला, नाहीतर चाटूनपुसून." बस्स, चौथा शब्द नाही. मी त्यावर बराच विचार केला. भरलेला म्हणजे आशयाने भरलेला. सांडलेला म्हणजे ज्यात भावना काठावरून ओसंडतात असा. आणि चाटूनपुसून म्हणजे तीच ती जुनी गोष्ट, भांड्यात काही उरलेलंच नाही. हे अर्थ मी आमच्या आख्ख्या पूनम सागर बिल्डिंगला समजावून सांगितले. एवढंच कशाला, 'हा सिनेमा चाटूनपुसून आहे' असं एका परीक्षणात बिनदिक्कत लिहूनही टाकलं. लोकांनी वाहवा केली आणि मी ती मुकाट्याने खिशात घातली.

मावशी मूळच्या संगमेश्वराकडच्या. बी विंगच्या तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेऊन एकट्या राहायच्या, दारावर पाटी मालकाची. सकाळी इस्त्रीची साडी, हातात पर्स, पायात साध्या काळ्या चपला. कुठे जाता म्हटलं की "थेटरात असते" एवढंच उत्तर. स्टेशनच्या पलीकडे मॉलमध्ये थेटर आहे, तिथे तिकीटखिडकीवर नाहीतर ऑफिसात असतील असं आम्ही धरून चाललो. पिक्चरचं नाव मात्र त्या कधी घेत नसत. "तीन नंबरमधला बरा आहे," असं म्हणायच्या, म्हणजे तिसऱ्या पडद्यावरचा. मला वाटायचं, काय हा तोरा! मोठे समीक्षक असेच असतात, म्हणून गप्प बसायचो.

आणखी एक खोड होती. नटनट्यांबद्दल त्या अवाक्षर बोलायच्या नाहीत, पण त्या पिक्चरला सुतार कोण होता, दिवे कुणी लावले, चहापाणी कुणी बघितलं, ते तोंडपाठ. "चहापाण्याला दोघं होते, एक तर आपल्या राजापुराकडचा वाटतो आडनावावरून." आम्ही हसायचो. त्यांच्याच हट्टापायी आमच्याकडे दरवर्षी 'उत्कृष्ट चहापाणी' असं एक बक्षीस असतं. जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे म्हणजे आमच्या गच्चीवर. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता बिल्डिंगचे सिनेपुरस्कार असतात. रत्नागिरीकर, लातूरकर, गुजराती, भय्ये, सगळे प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन हजर. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, चिठ्ठीवर मत देणाऱ्याचं नाव लिहायचं, कारण पहिल्या मजल्यावरच्या शहाभाईंनी एकदा दोन टाकल्या होत्या. जिंकणाऱ्या पिक्चरला एक नारळ आणि प्रमाणपत्र. घ्यायला कोण येणार, म्हणून नारळाचं खोबरं तिथेच वाटायचं आणि प्रमाणपत्र लिफ्टशेजारी चिकटवायचं. आणि एक नियम: न बघितलेल्या पिक्चरला मत नाही. हा नियम माझा. शहाभाई ट्रेलर बघून मत द्यायचे, ते मला खपत नसे. त्यांच्यासाठी मीच तो मोठ्या अक्षरांत लिहून गच्चीच्या दारावर लावला होता.

गेल्या वर्षी माझं ठरलं होतं. तीन तासांचा एक लढाईचा पिक्चर आला होता, घोडे, तोफा, सगळं भव्य. वर्षाचा मानकरी तोच, असं मी ऑक्टोबरातच जाहीर करून बसलो होतो. आणि डिसेंबरात ज्युरीमावशी म्हणतात कशा, "चार नंबरमधला. असा भरलेला मी आजवर बघितला नाही." शोधून काढलं तर तो एक छोटा मराठी पिक्चर. खाडीवर होडी चालवणारी एक बाई, बस एवढीच गोष्ट. रोज एकच खेळ, साडेबाराचा. माझं डोकंच फिरलं. पण नियम आपलाच, तेव्हा विरोध करायचा तर आधी बघायला हवा. उतरायच्या दिवशी, गुरुवारी, ऑफिसला दांडी मारून मी गेलो.

आत जेमतेम पंधरा माणसं. मी मोठा टब पॉपकॉर्न घेऊन बसलो, आता दोन तास काढायचे या तयारीने. पुढचं काय सांगू? खाडीवर पूल होतो आणि त्या बाईच्या होडीत बसायला कुणी उरत नाही. आमच्या खाडीवरच्या वरसाव्याच्या पुलावरून मी हजारदा गेलो असेन, खाली कुणाची होडी बंद पडली असेल हे एकदाही मनात आलं नव्हतं. शेवटी ती बाई रिकामी होडी घेऊन नेहमीच्या वेळेला पलीकडे जाते आणि परत येते. मी ढसाढसा रडलो. पन्नाशीचा माणूस, लाज वाटली, पण रडलो.

पडद्यावर नावं सुरू झाली, दिवे लागले, लोक उठले. मी डोळे पुसत बसलो होतो. तेवढ्यात बाजूच्या दारातून एक बाई आत आली. निळा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, छातीवर नावाची पट्टी, एका हातात झाडू आणि सुपडी, दुसऱ्यात काळी मोठी पिशवी. ज्युरीमावशी. मला बघून त्या थबकल्या. मग सरळ माझ्याजवळ आल्या, शेजारच्या खुर्चीवरचा माझा टब उचलला आणि आत बघितलं. मी दोन दाणेसुद्धा खाल्ले नव्हते.

"भरलेला," त्या म्हणाल्या.

अहो, सहा वर्षं! सहा वर्षं मी त्या शब्दांतून आशय काढत होतो आणि ते शब्द पॉपकॉर्नचे होते. पिक्चरने धरून ठेवलं की माणसं खायला विसरतात, टब भरलेला मिळतो. दचकली, खदखदून हसली, की सांडतं. आणि कंटाळली की बसल्या बसल्या खात राहतात, टब चाटूनपुसून साफ. चूक व्हायला जागाच कुठे? मी विचारलं, मग तुम्ही पिक्चर बघता कधी? त्या म्हणाल्या, नाहीच बघत. नावं सुरू झाली की आत यायचं, पुढचा खेळ लागायच्या आत बाहेर पडायचं. आजवर त्यांनी बघितली ती फक्त नावं. "एवढी माणसं राबलेली असतात आणि लोक उठून चालायला लागतात," झाडता झाडता त्या म्हणाल्या. "कुणीतरी वाचायला नको?"

मी उठलो तेव्हा त्यांनी झाडू थांबवला. "भाऊ, गच्चीवर बोलू नका हे. तिथे मला ज्युरी म्हणतात. झाडूवालीला मत कोण विचारतंय?" मी म्हटलं, मावशी, माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

तो रविवार आठवला की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी माझा लढाईचा पिक्चर सोडून होडीवालीच्या बाजूने उभा राहिलो. लोक चिडवायला लागले, मावशींनी काय पाजलं तुम्हाला, वगैरे. वरून शहाभाई म्हणाले, "ये मौसी को क्या समझता है पिक्चर में?" माझं टाळकं सटकलं. आणि मी, मूर्ख, भर सभेत बोललो, "त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. तुम्ही पडदा बघता, त्या तुमचा कचरा उचलतात. तुम्ही टाकलेल्या टबावरून त्या पिक्चर ओळखतात!"

मला वाटलं, टाळ्या पडतील. सगळी गच्ची मावशींकडे बघायला लागली. कुणी हसलं नाही, कुणी वाईटही बोललं नाही. फक्त शहाभाईंनी दारावरच्या कागदाकडे बोट केलं. "मतलब पिक्चर देखा नहीं. तो रूल?" सेक्रेटरींनी डब्यातून मावशींची, नावाच्या जागी 'ज्युरी' लिहिलेली चिठ्ठी शोधून बाजूला काढली, अगदी अदबीने. होडीवाली एका मताने हरली. तोवर मावशी आपली खुर्ची उचलून, भिंतीला नीट लावून, खाली गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी दारात जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला. "तुम्ही माझं चांगलंच बोललात भाऊ," त्या म्हणाल्या, "म्हणून तर राग पण धरता येत नाही." त्यानंतर शुक्रवारी त्या यायच्या, पण निकाल सांगायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "मी कुठे बघितलाय?" फेब्रुवारीत गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काम सोडलं आणि गावी भावाकडे गेल्या. मी ऑफिसला गेलो होतो, निरोपही घेता आला नाही.

या डिसेंबरात मी नियमाचा तो कागद स्वतः फाडला. सभेत सगळ्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून ठराव मंजूर करून घेतला, की यंदाचं पहिलं प्रमाणपत्र ज्युरीमावशींना. शहाभाईंनीच अनुमोदन दिलं, माणूस वाईट नाही. मी स्टेशनजवळच्या छपाईच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने मजकूर टाइप केला आणि विचारलं, "नाम क्या डालना है?"

मी म्हटलं, ज्युरीमावशी. ती म्हणाली, वो नहीं, नाम. सेक्रेटरींना फोन केला, त्यांना माहीत नाही. बायकोला केला, तिला नाही. खोलीचा मालक म्हणाला, करार त्यांच्या भावाच्या नावावर होता. माझ्या मोबाइलमध्ये नंबर आहे, तोही 'ज्युरी' म्हणूनच. सहा वर्षं त्यांचे शब्द वापरून मी शहाणपण मिरवलं आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

शेवटी दुकानाबाहेर येऊन मी त्यांनाच फोन लावला. गुडघे, भात, भावाची म्हैस, सगळं विचारून झालं. मग धीर करून म्हटलं, मावशी, तुमचं नाव काय हो?

पलीकडे त्यांनी आधी अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या.

"त्या दिवशी थेटरात पट्टीवर होतं की," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीपण नावं न वाचताच उठलात."

मग त्यांनी नाव सांगितलं. इंदुमती. मी आत जाऊन ते टाइप करून घेतलं, आणि चूक नको म्हणून त्या मुलीला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.