आरिकेचं कपाळ

नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात, इतोकू बाजारामागच्या गल्लीत कडुनिंबाखाली एक लाकडी बाक आणि एक बुटकं स्टूल मांडलेलं असे. बाकावर मोरिनसोला, स्टुलावर गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाचं डोकं मोरिनसोलाच्या दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलेलं. तिला मोरिनसोला म्हणून हाक मारणारं मात्र आता कुणी उरलं नव्हतं. एकुलत्या एका मुलीवरून सगळी गल्ली तिला आरिकेची आई म्हणायची. तिनं घातलेली वेणी तीन आठवडे ढिम्म हलत नसे. पहिल्या दिवशी बाईला भुवया खाली करता यायच्या नाहीत, पालथं झोपावं लागायचं, डोकेदुखीची गोळी घ्यावी लागायची, आणि हे सगळं बायका कौतुकानं सांगायच्या. "हात म्हणजे खिळा आहे बाई तिचा!"

या धंद्याची पाटी म्हणजे खुद्द आरिके. त्या आठवड्यात मुलींनी कोणती वेणी घालायची ते दर शुक्रवारी शाळेत फळ्यावर लिहिलेलं असायचं. रविवारी चर्चमधून आल्या आल्या आरिके आईच्या गुडघ्यांत बसायची. शुकू असली तर विचारूच नका. चहूबाजूंचे केस खेचून टाळूवर टोपलीसारखे बांधायचे, म्हणजे कानशिलांवर सगळा ताण. मोरिनसोला पायाचा अंगठा जमिनीत रोवून ओढायची. दुसऱ्या कुणाची पोर स्टुलावर वळवळली, की लाकडी फणीनं तिच्या डोक्यात टक्‌कन मारून ती म्हणायची, "आमच्या आरिकेला बघ जरा! सहा वर्षांची होती तेव्हापासून बसते. एकदा रडली नाही माझी पोर, एकदाही नाही."

आरिके सतरा वर्षांची झाली. शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा होता. फोटो घरी आला, तेव्हा कुठला चांगला आहे ते बघावं म्हणून मोरिनसोलानं तीन वर्षांपूर्वीचा जुना फोटो पेटीतून काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. जुन्या फोटोत भुवयांच्या वर तीन बोटं कपाळ होतं. नव्या फोटोत पाच बोटं, आणि कानशिलं तर पार मागे सरकलेली.

आजवर घरात सगळे म्हणायचे, पोरीचं कपाळ बापावर गेलंय. बाप लागोसपासून कानोपर्यंत ट्रक चालवायचा, आणि त्याचं कपाळ खरोखरच मैदान होतं. पण बापाचं कपाळ जन्मतः मोठं होतं, ते काही दरवर्षी वाढत नव्हतं! आता तुम्ही म्हणाल, ही बाई दर रविवारी त्याच डोक्यावर बोटं फिरवत होती, हिला दिसलं कसं नाही? दिसत होतं. पुढचे केस विरळ झाले, की ती पहिली बट जरा मागून उचलायची, एवढंच. स्वतःच्या हातची चूक बघायला डोळे लवकर तयार होत नाहीत.

"आरिके, इकडे ये. उन्हात बस." तिनं पोरीचं डोकं वळवून बघितलं. डावीकडे चार-दोन तुटके केस. उजवीकडे तेही नाहीत, कातडी नुसती गुळगुळीत. "हे कधीपासून आहे?"

"झाली असतील दोन वर्षं."

"आणि तू बोलली नाहीस मला?"

आरिकेनं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुम्हाला दिसतंय."



दुसऱ्याच दिवशी ती पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. तिथली सिस्टर इबिदुन तिचं जुनं गिऱ्हाईक. सिस्टरनं कानशिलांवरून बोट फिरवलं, मग आरिकेची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही जेवते काय?"

"सगळं जेवते की. सकाळी मक्याची पेज, दुपारी कसाव्याचा एबा, संध्याकाळी कंदाच्या पिठाचा आमाला."

"ते नुसतं पोट भरणं झालं. सोबत काय?"

"रस्सा."

"रश्शात काय असतं?"

रश्शात काय असतं ते मोरिनसोलाला ठाऊक होतं. मासळीचा नखाएवढा तुकडा. अंडं तर कधीच नाही. तिच्या सासूचा घरात कायदाच होता, की पोराच्या जिभेला अंड्या-मांसाची चव लागली की पोर चोर होतं. अख्खी गल्ली याच कायद्यात वाढली होती, मोरिनसोलासुद्धा.

"पोरीच्या अंगात रक्त नाही," सिस्टर म्हणाली. "केस काय हवा खाऊन वाढतात? गोळ्या देते, पण गोळ्या म्हणजे जेवण नव्हे. अंडं, चवळी, सुकट, उगूचा पाला, रोज काहीतरी पोटात गेलं पाहिजे. आणि हे असं ओढून ओढून मुळं कुणी उपटली हिची?"

सिस्टरला काय माहीत नव्हतं? माहीत होतं, पण तिला ते मोरिनसोलाच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

"मी," मोरिनसोला म्हणाली.

"मग ऐका, आरिकेच्या आई. सहा महिने ओढ नको, खोटे केस नकोत, केस सरळ करायची औषधं नकोत. डावीकडे चार-दोन केस आहेत, तिथे मूळ जिवंत असेल. उजवीकडचं मी सांगू शकत नाही. नाताळाआधी धुळीचं वारं सुटेल तोवर कळेल."

"आणि तोवर नाही आले तर?"

"तर मग नाही येणार."

त्या संध्याकाळी मोरिनसोलानं चवळी वाटून पानात मोईन-मोईन वाफवले आणि आरिकेच्या वाट्याच्या पुडीत अख्खं उकडलेलं अंडं घातलं. सासूनं, म्हणजे घरातल्या मोठ्या आईनं, पुडी उलगडताना ते बघितलं आणि हातातला चमचा आपटला.

"सूनबाई, डोकं फिरलं का तुझं? उद्या बाजारातून हिला हात बांधून आणतील, तेव्हा मला दार उघडायला लावू नकोस!"

"मोठ्या आई, तिच्या अंगात रक्त नाही."

"रक्त नाही म्हणे! मी आठ पोरं वाढवली. एकानंही अंडं खाल्लं नाही."

"आणि आठातली पाचच जगली," मोरिनसोला बोलून गेली. बोलल्यावर तिची तिलाच भीती वाटली. ती तिथल्या तिथे गुडघे टेकून बसली आणि माफी मागायला लागली. म्हातारी उठून आत गेली. आरिकेनं अंड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि घाईघाईनं गिळलं. आजवर कुणी तिला अख्खं अंडं वाढलंच नव्हतं.

मग सुरू झाले ते सहा महिने. मोरिनसोलानं खिळ्याचा हात सोडला आणि आपल्या आईचा दोरा धरला. जुन्या बायका केस काळ्या दोऱ्यानं गुंडाळायच्या, तसं. आधी पाणी शिंपडायचं, शियाच्या बियांचं लोणी तळहातावर पातळ करून टोकांपासून लावत यायचं, गुंता बोटांनी सोडवायचा, फणी शेवटी, आणि दोरा इतका सैल की त्यात काडी जावी. केस तुटत नाहीत, लांबच्या लांब राहतात. झोपताना डोक्याला मऊ रेशमी फडकं. शाळेनं सिस्टरची चिठ्ठी वाचून परवानगी दिली, पण वर्गातल्या पोरींनी थोडीच दिली! "आजीबाई आल्या गं गावाकडून," त्या म्हणायच्या, कारण दोरा गुंडाळलेल्या बटा डोक्यावर काड्यांसारख्या उभ्या राहायच्या. आरिके घरी येऊन काही सांगायची नाही. मोरिनसोलाला ते शेजारणीच्या पोरीकडून कळायचं.

धंद्याचंही तेच. आता तिचा हात पोरीच्या डोक्यावर एक आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर दुसरा, असा चालेना. तिनं सगळ्यांच्याच वेण्या सैल घातल्या. दहाव्या दिवशी बायका परत यायच्या. "काय हो आरिकेच्या आई, हाताला लकवा झाला का?" निम्म्या जणी रस्त्यावरच्या आरसेवाल्या सलूनमध्ये जायला लागल्या.

पण तिचा जीव टांगणीला होता तो कानशिलांपाशी. रोज सकाळी पेज ढवळून झाली, की ती आरिकेला जवळ ओढायची आणि आधी डावं, मग उजवं कानशील अंगठ्यानं चाचपायची. कधी वाटायचं, खरखरतंय. उन्हात नेऊन बघितलं की काही नसायचं. रात्री दोनदा धुतलेला हात सकाळी पुन्हा धुऊन ती चाचपायची, न जाणो हाताला तेल असेल म्हणून कळत नसेल. आरिके उभी राहायची, हूं की चूं नाही.

तिसऱ्या महिन्यात डावीकडे लव आली. खरी, काळी, कुरळी लव! मोरिनसोला तशीच ओल्या हातानं सिस्टरकडे पळाली. सिस्टरनं हसून विचारलं, "आणि उजवीकडे?" मोरिनसोलाचं हसू मावळलं. त्या दिवसापासून तिनं डावी बाजू चाचपायचं सोडूनच दिलं, सगळा घोर उजव्या बाजूचा.

मोठी आई हे सगळं दारातून बघत असायची. एका सकाळी मोरिनसोला चुलीशी गेली तर पाण्यात अंडं आधीच उकळत होतं. म्हातारीनं ते सोलून आरिकेपुढे ठेवलं आणि बोट रोखलं. "खा. आणि चोरी केलीस ना, तर पोलिसांच्या आधी मी आहे." आरिके खुदकन हसली. अंडं मोठं होतं, दोन घासांचं.

शेवटी उत्तरेकडून धुळीचं वारं सुटलं. ओठ फुटायला लागले, निंबाची पानं तांबडी झाली. सहा महिने भरले. उजवीकडे काही नव्हतं.

त्याच आठवड्यात कापडवाली अलाके आपल्या चार वर्षांच्या पोरीला घेऊन आली. सणाला गावी जायचं होतं. "आरिकेच्या आई, तुमचा तो जुना हात काढा बघू. नाताळापासून पुढचे तीन आठवडे टिकली पाहिजे वेणी." गिऱ्हाइकं आधीच कमी झालेली, सणाचे दिवस. मोरिनसोलानं मनाशी म्हटलं, एकदाच. तिनं पोरीचं डोकं गुडघ्यांत धरलं आणि कानशिलावरची पहिली बट ओढली.

पोर रडली नाही. तिनं डोळे गच्च मिटले आणि फ्रॉकची कड दोन्ही मुठींत धरली.

"किती गुणाची आहे बघा," अलाके म्हणाली, "रडत नाही कधी."

मोरिनसोलाचे हात थांबले. तिनं वाकून विचारलं, "दुखतंय का गं, बाळा?" पोरीनं आधी आपल्या आईच्या तोंडाकडे बघितलं, मग नाही म्हणून मान हलवली.

मोरिनसोलानं ती बट सोडली. "सैल घालते. पाहिजे तर घ्या, नाहीतर आरसेवाल्याकडे जा." अलाके फणकारत पोरीला ओढून घेऊन गेली, जाताना गल्लीला ऐकू जाईल असं बोलत. मोरिनसोला बाकावर बसूनच राहिली. फणी तिच्या मांडीवर होती. याच फणीनं तिनं किती डोकी टकटकवली होती ते तिला आठवत नव्हतं.

रविवारी दुपारी आरिके नेहमीसारखी येऊन स्टुलावर बसली. दोरा, शियाचं लोणी, पाण्याची बाटली. मोरिनसोलानं डावी बाजू पूर्ण केली आणि मग विचारलं, "आरिके, तुला दुखायचं का गं? आधी, शाळेच्या वेण्या घालायचे तेव्हा?"



"दुखायचं."

"किती?"

"सोमवारी फळ्याकडे बघताना डोळे मिटता यायचे नाहीत. मंगळवारी जरा बरं वाटायचं."

"मग रडली का नाहीस? बोलली का नाहीस एकदा तरी?"

"तुम्ही सगळ्यांना सांगायचा ना," आरिके म्हणाली, तिच्या आवाजात राग नव्हता, "माझी पोर रडत नाही म्हणून."

मोरिनसोलाला वाटलं, कुणीतरी आपल्याच फणीनं आपल्या डोक्यात मारलं. तिला माफी मागायची होती, पण आईनं लेकीची माफी कशी मागायची ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं दोरा उचलला. उजव्या कानशिलावर बोटभर जागा उघडी होती आणि ती आता तशीच राहणार होती. तिच्या मागची पहिली बट तिनं हातात घेतली. डोळे भरून आले होते, नीट दिसत नव्हतं, आणि दोऱ्याचा पहिला फेरा बसला तो जुन्या सवयीचा, आवळ.

गुडघ्यांतलं डोकं किंचित बाजूला झालं.

"आई."

"काय गं?"

"दुखतंय."

मोरिनसोलाचा हात जागच्या जागी राहिला. "काय म्हणालीस?"

"दुखतंय म्हटलं," आरिके जरा मोठ्यानं म्हणाली. "सैल करा ना!"

मोरिनसोलानं दोरा सोडला. अख्खा सोडला, पार टोकापर्यंत, बट बोटांनी मोकळी केली, आणि हुंदके देत देत पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला लागली. घरातून मोठी आई काठी टेकत दारात आली.

"आता काय झालं रडायला? उजवीकडे आले का केस?"

"नाही, मोठ्या आई," मोरिनसोला म्हणाली. "पोरगी बोलली."