हिलालभाऊची फुंकणी

हिलालभाऊ गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे बातमी काय ते वाचायच्या आधीच समजलं, फक्त माणूस कोण ते पाहायचं राहिलं होतं. त्याच्या मुलीने, मंगलाने, धुळ्याहून टाकलेलं कार्ड जळगावला माझ्या हातात पडेपर्यंत त्याचा दहावाही होऊन गेला होता. मी चौथी शिकलेली बाई, मला वाचायला वेळ लागतो. दोनदा वाचलं. मग मनात जो पहिला विचार आला तो चांगला नव्हता. मला वाटलं, हिने मला का कळवलं असेल? आपल्या बापाची नोकरी कोणी घालवली हे तिला ठाऊक आहे की काय...

माणूस मेला की लोक त्याच्याबद्दल गोड लिहितात. मला ते जमणार नाही. तो असेपर्यंत मी त्याच्यावर संशयच घेतला, आणि तो गेला म्हणून एकदम देवमाणूस म्हणायला लागले तर तोच वरून हसेल.

आमचं मार्केट तीन मजली आहे. ऐंशी सालानंतर जळगावात अशी मार्केटं उठायला लागली, त्यातलंच एक. खाली कापडाची, चपलांची, भांड्यांची दुकानं. सगळ्यात वर, मागच्या कोपऱ्यात, माझा गाळा. ब्लाउज शिवणं, साडीला फॉल लावणं, पिको करणं. घरचे मालक वारल्यावर मी एका मशीनवर सुरुवात केली होती, पुढे सहा मुली कामाला आल्या. गाळा भाड्याचा होता आणि तो मला सोडायला लावायचा असं कमिटीच्या अध्यक्ष शेठजींच्या मनात होतं, कारण त्यांच्या भाच्याला तिथे व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकायचं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण माणूस जिन्यात उभा राहून आपल्या भिंतींची लांबी नजरेने मोजतो तेव्हा कळतं.

अशात कमिटीने हिलालभाऊला आणलं. धुळ्याला आगीच्या बंबावर नोकरी करून घरी बसलेला माणूस. काळा, उंच, डाव्या हातावर भाजल्याची चकाकी. त्याला ठेवला होता वॉचमन म्हणून, पण तो वॉचमनसारखा स्टुलावर बसायचा नाही. वाळूच्या लाल बादल्यांत लोक पानाच्या पिचकाऱ्या मारत, तो त्या आपल्या हाताने रिकाम्या करून नवी वाळू भरायचा. आग विझवायची नळकांडी कमिटीने चोरीला जाऊ नयेत म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवली होती. तपासणीचा साहेब यायचा त्या दिवशी ती भिंतीला लागत आणि साहेबाचा चहा संपला की परत कपाटात जात. हिलालभाऊने ती बाहेर काढली आणि तिथेच ठेवली. शेठजी त्याला हसून म्हणाले, बंब गेला तरी याच्या डोक्यातली घंटा काही गेली नाही.

रोज दुपारी तो वर यायचा, दारात उभा राहायचा आणि विचारायचा, “आज किती?” म्हणजे आज किती मुली आल्या. मी सांगितलं तर वहीत लिहायचा, नाही सांगितलं तर स्वतः मोजायचा. परक्या पुरुषाने रोज पोरी मोजायच्या, हे कुठल्या बाईला आवडेल? त्यात तो त्यांच्याशी बोलायचा. दोऱ्याची, कापडाची धूळ छातीत जाते, नाकाला ओला रुमाल बांधा. खिडकीपुढचं कपाट सरकवा. मार्केटात बायकांचा संडास कुलपात होता, पोरी दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, तो त्याने कमिटीशी भांडून उघडायला लावला. मुली त्याला मानायला लागल्या आणि माझा संशय आणखी वाढला. एवढं फुकटचं कोण करतं? मला वाटलं, आधी पोरी फोडील, मग वही शेठजींपुढे ठेवील, मग गाळा जाईल.

आणि वहीत लिहिण्यासारखं माझ्याकडे होतंही. मार्केटला मागून दुसरा जिना आहे. कधीतरी कापडाचे तागे चोरीला गेले म्हणून त्याच्या खालच्या लोखंडी दाराला कुलूप पडलं, किल्ली शेठजींकडे. जो जिना कोणी वापरत नाही तिथे माल ठेवायला काय हरकत आहे, असं आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकलं. माझी अस्तराच्या कापडाची खोकी वरच्या वळणावर असत. हिलालभाऊ रोज म्हणायचा, अक्का, खोकी उचल. मी म्हणायची, आधी खालच्यांची उचलायला लाव. तो म्हणायचा, त्यांनाबी सांगस, पन तू वर शे, सगळ्यांच्या वर.

आता दिव्यांचं सांगते. लक्ष्मीपूजनाचा दिवा पहाटेपर्यंत तेवला पाहिजे, विझला तर लक्ष्मी उठून जाते, असं आमचे दुकानदार मानतात. म्हणून संध्याकाळी पूजा झाली की काठोकाठ तेल भरून दिवा पाटावर ठेवायचा, दार ओढून कुलूप लावायचं आणि घरी जाऊन पोरांबरोबर फटाके उडवायचे. आत कापडाचे तागे, वर कागदाच्या झिरमिळ्या. हिलालभाऊ आला त्या वर्षापासून पाडव्याच्या सकाळी खालच्या ओळीतले दिवे विझलेले सापडायला लागले, आणि दिव्यात तेल तसंच. पहिल्या वर्षी लोक म्हणाले वारा. दुसऱ्या वर्षी म्हणाले उंदीर. तिसऱ्या वर्षी कोणीतरी म्हणालं करणी, आणि मग बोट वर गेलं. वरच्या मजल्यावर विधवा बाई बसते, संध्याकाळी पूजेच्या वेळी तीच जिन्यातून खाली उतरते... शेठजींनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, अक्का, लोकांच्या मनात आलंय, पुढच्या वर्षी परत असं झालं तर मला गाळ्याचा विचार करावा लागेल.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला मी मुद्दाम खालीच थांबले, चपलांच्या दुकानाच्या फळीआड. लोक गेले, बाहेर फटाके सुरू झाले. तेवढ्यात हिलालभाऊ आला. हातात चुलीची फुंकणी, आणि तिच्या तोंडाला लोखंडी नळी बसवून ती चांगली लांब केलेली. दुकानांना जाळीचे सरकते दरवाजे होते. त्याने जाळीतून नळी आत सारली, दिव्याजवळ नेली आणि फुंकलं. दिवा विझला. मग पुढचं दुकान. ज्या फुंकणीने बायका विस्तव पेटवतात तिने हा माणूस दिवे विझवत चालला होता आणि प्रत्येक दुकानापुढे हात जोडत होता.

मी पुढे झाले. तो दचकला नाही. मी म्हटलं, तुझ्या या उद्योगापायी माझं नाव निघालंय. त्याने फुंकणी खाली केली. करणीचं बोलणं त्याच्या कानावर होतं, पण ते माझ्यावर आलंय हे त्याला माहीत नव्हतं, निदान तसं तो म्हणाला. मी त्याला सौदा सांगितला. माझ्या खोक्यांचं वहीत लिहू नको, गाळ्याच्या भानगडीत पडू नको, मी हे कोणाला सांगणार नाही. करणीचं मी पाहून घेईन.

तो म्हणाला, “तू सांगी टाक, अक्का. तुन्हं नाव साफ व्हई जाई. पन खोकी उचल.”

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी. कमिटीत तो एका शब्दाने नाही म्हणाला नाही. कापड आणि उघडा दिवा बंद दारामागे ठेवू नका, एवढंच बोलला, आणि ते कोणी ऐकलं नाही. लक्ष्मीला फुंकर मारणारा माणूस दारात नको म्हणून त्याला काढलं. जायच्या दिवशी तो वर आला. सवयीने विचारलं, “आज किती?” मी मान वर केली नाही. सरला नावाची मुलगी म्हणाली, सहा. त्याने माझ्या मशीनवर एक किल्ली ठेवली आणि गेला. मागच्या दाराची होती. शेठजींच्या किल्लीवरून त्याने कधी करून घेतली देव जाणे. मला वाटलं हा सापळा आहे, उद्या चोरी झाली की किल्ली माझ्याकडे सापडेल. मी ती बटणांच्या डब्यात तळाशी टाकली. आणि जिन्यात आणखी चार खोकी ठेवली. आता सांगणारं कोणी नव्हतं.

उन्हाळ्यात, भर दुपारी, पुढच्या जिन्याखालचा मीटरचा बोर्ड पेटला. आग मोठी नव्हती, पण धूर मोठा होता, आणि धुराला वर यायला एकच वाट होती. क्षणात जिना काळा झाला. मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी बटणांचा डबा जमिनीवर उपडा केला. किल्ली घेऊन मागच्या जिन्यावर आले तर वाटेत माझीच खोकी. ओढली, ढकलली, लाथा मारल्या. मुली त्यांच्यावरून चढून उतरल्या. सरला घसरून खाली आदळली, तिचा पाय मोडला. मी दार उघडलं. रस्त्यावर आल्यावर मी काय केलं? मोजल्या. सहा होत्या. तो रोज का मोजायचा ते मला भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध कळलं.

तरी मी त्याच्याकडे गेले ती पाऊस संपल्यावरच. एसटीने धुळ्याला गेले. मंगला चुलीपुढे होती, हातात तीच फुंकणी, पुढची नळी काढलेली. हिलालभाऊने चहा पाजला. मी सगळं सांगितलं, धूर, किल्ली, सरलाचा पाय. त्याने एकच विचारलं.

“जिना मोकळा व्हता का?”

मी म्हटलं, होता.

त्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, “मोकळ्या जिन्यात पाय मोडत नही, अक्का.”

आणि हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. परत येताना एसटीत मी तोच विचार करत होते, की त्याने किल्ली मला दिली ती माझ्या भल्यासाठी की मला कायमचं खाली मान घालायला लावण्यासाठी. माझा स्वभाव असा आहे. आजही मला याचं उत्तर माहीत नाही.

कार्ड आल्यावर आठवड्याने मी धुळ्याला जाऊन आले. मंगलाला सरळ विचारलं, मला का कळवलंस? ती म्हणाली, बाबांनीच सांगून ठेवलं होतं. मी गेलो की मार्केटातल्या अक्काला कार्ड टाक, ती येईल, आली की तिला विचार जिना मोकळा आहे का. मी तिला सांगितलं, आहे. या वेळी खरं सांगितलं. त्या धुरानंतर मागच्या दाराचं कुलूप गेलं, आतून नुसती कडी आहे, आणि जिन्यात कोणी टोपलं जरी ठेवलं तरी मी ते खाली फेकते. गाळा माझ्याकडेच राहिला. शेठजींच्या भाच्याला व्हिडिओचं दुकान दुसरीकडे मिळालं.

दिवे मात्र अजून तसेच तेवतात. बोर्ड विजेचा होता, दिव्याचा नव्हता, त्यामुळे हिलालभाऊचं म्हणणं खरं होतं असं कोणी म्हणायला तयार नाही. तो होता तेव्हा आग लागली नाही, आणि न लागलेली आग कोणाला दाखवता येत नाही.

मंगलाकडे आता गॅस आहे. फुंकणी कोपऱ्यात उभी होती, नळी वेगळी, फळीवर. मी दोन्ही मागून घेतल्या. एसटीत कंडक्टरने विचारलं, आजी, हे काय? मी म्हटलं, चुलीचं सामान. सध्या ती माझ्या मशीनमागे आहे. नळी बसते अजून घट्ट. दम माझा कमी झालाय, पण जाळीपासून पाटापर्यंत पुरतो, मी करून पाहिलं.

लक्ष्मीपूजनाला आता तीन आठवडे राहिलेत. मार्केटातले लोक पेपरची ही पुरवणी वाचतात हे मला माहीत आहे. पाडव्याला सकाळी दार उघडल्यावर दिवा विझलेला दिसला, तर वारा, उंदीर, करणी यांच्या नादी लागू नका, आणि दुसऱ्या कोणाच्या पोटावर पाय देऊ नका. वर या. मी सकाळपासून गाळ्यातच असते.