सांभाळून घ्या, नवीन आहे

मासाए इतोहाराला नवीन माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि नवीन माणसांचं स्वागत करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. दोन्ही गोष्टी त्या एकाच बाईत सुखानं नांदत होत्या.

हे स्वागत ती जपानमधल्या मात्सुए शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरात, भांडी निथळत ठेवल्यावर, मोबाइलवर करायची. ‘दुपारचा डबा’ नावाचं एक घर होतं. इंटरनेटवरचं. एक मोठी कंपनी आणि तिच्या मुठीत सगळे, असा तो प्रकार नव्हता. अशी हजारो लहान लहान घरं होती, प्रत्येकाचा मालक वेगळा, प्रत्येकाची शिस्त वेगळी, आणि तरी एका घरात बोललेलं दुसऱ्या घरात ऐकू जायचं. रोज जेवणाचा डबा भरायचा आणि त्याचा फोटो टाकायचा, असली माणसं ‘दुपारचा डबा’त राहत. घर कागेयामा नावाच्या गृहस्थांचं. ते योनागोला दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करत आणि स्वतः मात्र दुकानातलं भाताचं पाकीट फोडून खात. सर्व्हरचा खर्च करायचा, बिघडला तर दुरुस्त करायचा, आणि कुणाचं भांडण झालं की दोन्हीकडच्यांची माफी मागायची, हे त्यांचं काम.

मासाए तिथे ‘जुनी किटली’ होती. हे नाव तिनं स्वतःच घेतलेलं. बाकीच्या जगात तिला कुणी नावानं हाक मारावी असं काही उरलं नव्हतं. गोड पदार्थांच्या एका दुकानात ती इतकी वर्षं काउंटरमागे उभी होती की मालकाची नवी सून तिला खोक्याभोवती कागद कसा गुंडाळायचा ते शिकवायला आली, तेव्हा मासाए ‘हो का, असं का’ करत शिकली, आणि संध्याकाळी घरी येऊन तिनं कोबीवर सुरी अशी चालवली की शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, “काय, माणसं येणारेत का जेवायला?” मुलगी हिरोशिमाला. ती फोन करायची तो बापाच्या गुडघ्यांची चौकशी करायला. आणि बाप, म्हणजे तोशिरो, निवृत्त होऊन घरी बसलेला.

तोशिरो कामावर जायचा बंद झाला तरी डबा बंद झाला नाही. मासाए सकाळी डबा भरायची, खिडकीपाशी नेऊन फोटो काढायची, एखादा वाटाणा चिमट्यानं हलवून पुन्हा काढायची, आणि दुपारच्या सुट्टीत दुकानातून घरी येऊन तोच गार डबा नवऱ्यापुढे ठेवायची.

“अगं, घरात बसून डब्यातून जेवतोय मी. शेगडी समोर आहे,” तोशिरो म्हणायचा.

“मग? दात नाहीत का तुम्हाला?”

“भात तरी गरम दे.”

“वाफ धरते फोटोत. झाकण दमट होतं. गप जेवा.”

तो गप जेवायचा. त्या डब्याचं पाचशे लोक कौतुक करत आणि खाणारा एकटाच कुरकुरत होता, म्हणजे चूक कुणाची ते उघडच होतं.

त्या शरदात एका मोठ्या कंपनीच्या साइटवर काहीतरी बिनसलं, आणि तिथून पळालेली माणसं या लहान घरांत लोंढ्यानं शिरू लागली. आल्या आल्या प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची, असा रिवाज. आणि काय त्या ओळखी! एक म्हणे, मला मांजरं, पाव आणि आकाश आवडतं. आकाश! जणू बाकीच्यांना डोक्यावर पत्रा हवा होता. एकानं आपले सगळे आजार वरपासून खालपर्यंत सांगितले. एकानं विचारलं की इथली जाहिरात कुठे बंद करायची, जाहिरात नव्हतीच तरी. एक मास्तर सलग सहा भागांत ओळख देत राहिले आणि सहाव्या भागाशेवटी म्हणाले, मी फारसं बोलत नाही. सगळ्यांचा शेवट तोच. नवीन आहे, सांभाळून घ्या.

आणि सगळ्यांना पहिलं उत्तर जुन्या किटलीचं. “सुस्वागतम! इथे सगळे घरचेच आहेत. निवांत बसा, हा घ्या चहा.” खाली तिच्या त्या काळ्या किटलीचा फोटो. नवखे पाघळायचे. किती हो प्रेमळ माणसं इथली, असं लिहायचे. तोवर किटलीसानचं, म्हणजे किटलीबाईंचं, दुसरं पत्र निघालेलं असायचं, फक्त ‘मीठकाकडी’च्या नावे. मीठकाकडी म्हणजे हामादा गावातली एक विधवा, मासाएची या घरातली जिवाभावाची मैत्रीण, जिला ती कधी प्रत्यक्ष भेटली नव्हती आणि भेटायची इच्छाही नव्हती.

“आकाशवाली वाचलीस?”

“वाचली. डब्यात काय भरते, ढग?”

“थांब, अजून मास्तर वाचायचेत. दम असेल तर सहावा भाग वाचून दाखव.”

या दोघींचं एवढंच होतं. कुणाचं वाईट करायचं नाही, फक्त वाईट बोलायचं.

त्यातच कागेयामांनी सांगितलं की आई अंथरुणाला खिळली, आता हे घर चालवणं जमत नाही, महिनाअखेर कुणाच्या तरी हाती किल्ल्या देईन. मासाएनं ते वाचलं आणि तिचं डोकं भणभणलं. किल्ल्या! म्हणजे कोण आत यायचं, कोण बाहेर जायचं, कुणाचं काय पुसायचं, सगळं तिच्या हातात. आयुष्यात तिच्या हातात एका दुकानाच्या मागच्या दाराची किल्लीसुद्धा कधी आली नव्हती. तिनं कागेयामांना तिथल्या तिथे फोन लावून किल्ल्या मागितल्या. त्यांनी ‘पाहू या, बाकीच्यांचंही मत घेऊ’ म्हटलं, आणि त्या भागातले लोक ‘पाहू या’ म्हणतात तेव्हा अर्धं काम झालेलं असतं. तेव्हापासून ती नवख्यांशी दुप्पट गोड बोलू लागली. मतं त्यांनाही होती.

‘ओली छत्री’ आली ती अशा दिवसांत. तिची ओळख अशी होती:

“पहिल्यांदाच भेटते आहे. मी एकसष्ट वर्षांची, तोत्तोरीची. छंद नाही. डबा भरायला घरात कुणी नाही, म्हणून स्वतःचाच भरते आणि जिन्यात बसून खाते, म्हणजे बाहेर गेल्यासारखं वाटतं. आजच्या डब्यात अंडं, मुळा आणि कालचा भात. फोटो हलला आहे. काय लिहायचं असतं ते ठाऊक नाही. सांभाळून घ्या.”

फोटो खरोखरच हललेला होता. अंडं की जिन्याचा कठडा ते ओळखू येत नव्हतं.

मासाएनं नेहमीचा चहा पाजला. मग मीठकाकडीला लिहायला घेतलं. दुकानातून नुकतीच आली होती, सुनेनं तिला गिऱ्हाइकासमोर ‘मावशी, जरा बाजूला’ म्हटलं होतं, आणि हात शिवशिवत होते. छत्रीची ओळख समोर उघडी होतीच. तिनं तिथूनच उत्तराचं बटण दाबलं, ‘फक्त नाव घेतलेल्यांनाच दिसेल’ असं निवडलं, मीठकाकडीचं नाव घातलं आणि लिहिलं:

“घे, आता जिन्यातली म्हातारी आली. फोटो हलला म्हणे! हिचं आख्खं आयुष्यच हललेलं दिसतंय. काय लिहायचं ते ठाऊक नाही तर लिहू नये. कालचा भात, आणि तोही आम्हाला दाखवतेय. अशा भिकारड्या ओळखी दारातूनच परत पाठवायला हव्यात. एकदा किल्ल्या येऊ देत हातात.”

आणि पाठवलं.

त्या घरांतला सगळ्यात पहिला धडा असा की खासगी पत्रात ज्याचं नाव येतं त्याला ते पत्र पोचतं. उत्तराचं बटण दाबलं की समोरच्याचं नाव आपोआप वर बसतं, ते आधी पुसायचं. हा धडा मासाए स्वतः नवख्यांना द्यायची, ‘जपा हं, नाहीतर सासूबद्दलचं सासूलाच जाईल’ असा विनोद करून. आणि तिनं तो स्वतःच विसरून ओल्या छत्रीचं नाव तसंच ठेवलं होतं.

मीठकाकडीचं उत्तर लगेच आलं. “अगं बाई, वर बघ कुणाचं नाव आहे!”

मासाएनं पाहिलं. पुसलं. पुसून काय होणार? पत्र छत्रीच्या डोळ्यांखालून गेलं असेल तर डोळे थोडेच पुसता येतात.

“काय झालं?” तोशिरोनं विचारलं.

“काही नाही. तुम्ही टीव्ही बघा.”

“तोंड का असं झालंय? कुणी मेलं का?”

“अजून नाही.”

मग ओल्या छत्रीनं लिहिलं. खासगीत नव्हे, चारचौघांत, सगळ्या घरांत ऐकू जाईल असं.

“आदरणीय जुनी किटलीसान यांनी माझी ओळख कशी चुकली ते इतक्या तपशिलात समजावून सांगितलं, मी आभारी आहे. नवीन माणसासाठी एवढा वेळ कोण काढतं! बाकीच्या नव्यांनाही उपयोग होईल म्हणून त्यांचं पत्र जसंच्या तसं खाली देते.” आणि खाली ते पत्र, भिकारड्यासकट, किल्ल्यांसकट. त्याखाली, “ओळख सुधारून पुन्हा देते. मी एकसष्ट वर्षांची. आयुष्य हललेलं आहे. भात आजचा आहे.” भाताचा फोटो या वेळी स्वच्छ, दाणा न् दाणा दिसणारा.

ही बाई भोळी होती की पक्की, याचा विचार मासाए पुढे कितीतरी दिवस करत राहिली. तिला दोन्ही शक्यता सारख्याच अपमानाच्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पत्र होक्काइडोपर्यंतच्या घरांत फिरून आलं. आपलं घर तिनं कितीही पुसलं तरी प्रती लोकांच्या घरांत पडलेल्या, आणि तिथली केरसुणी काही तिच्या हातात नव्हती. नवखे तर चेकाळलेच. जो तो नवी ओळख देऊ लागला. ‘मी मांजरवाली, डब्यात ढग नाहीत.’ ढगाचा विनोद मीठकाकडीचा होता, आणि तो फक्त मासाएकडे होता. म्हणजे मीठकाकडीनं तो स्वतःच दुसरीकडे कुणाला तरी सांगितला होता, म्हणजे ती मासाएबद्दलही आणखी कुणाला तरी काहीतरी लिहीत असणार. हे मासाएच्या ध्यानात आलं तेव्हा बाकी सगळ्यापेक्षा तेच जास्त लागलं. दोन-तीन दिवसांनी मास्तरांनी चार भागांत निषेध नोंदवला. मीठकाकडीनं मात्र ‘मला यातलं काही माहीत नव्हतं’ एवढंच जाहीर करून अंग काढून घेतलं.

कागेयामांचा फोन महिनाअखेरीला आला. ते आधी हवेबद्दल बोलले, मग आईबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल.

“कागेयामासान, काय ते बोला एकदाचं. नाही द्यायच्या ना किल्ल्या?”

“छे, छे, असं कुठे म्हटलं मी इतोहारासान? देतो की.”

मासाएला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “लोक काय म्हणतील?”

“लोक काही म्हणत नाहीयेत. म्हणजे, जाताहेत. बरेचसे गेलेत. आपल्याकडे घर बदलणं सोपं असतं ना, ओळखीपाळखी सगळ्या बरोबर नेता येतात. निगातातल्या एका मुलीनं नवं घर उघडलंय डब्यांचंच. ओली छत्रीसान तिथेच गेल्या, त्यांच्यामागे बाकीचे.”

“मग हे घर?”

“म्हणून तर तुम्हाला देतो. दुसरं कुणी मागतच नाहीये.” आणि घाईघाईनं, माफी मागितल्याच्या सुरात, “आभार हं, फार मोठं ओझं उतरवलंत.”

मासाएनं नको म्हणायला हवं होतं. पण हाती आलेली गोष्ट नको म्हणायला आधी कधी काही हाती यावं लागतं, त्याचा सराव नव्हता. तिनं किल्ल्या घेतल्या. तोशिरोला सांगितलं, “आजपासून घर माझं आहे.”

“हे? हे माझ्या नावावर आहे.”

“तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.”

तिनं आत जाऊन पाहिलं. प्रत्येक दारावर पाटी, ‘आम्ही दुसरीकडे राहायला गेलो.’ मास्तर गेले होते, मीठकाकडीही गेली होती, निरोप न घेता. उरले होते ते कुणी तीन वर्षांपूर्वी एक कढी दाखवून पुन्हा न फिरकलेले. मासाएनं सगळ्यात आधी नियम बदलला. इथून पुढे कुणीही सरळ आत यायचं नाही. आधी दारात ओळख लिहायची, ती मालकीण वाचणार, पसंत पडली तर कडी निघेल. ओळख कशी असावी याच्या सूचना तिनं एक आख्खा रविवार खर्चून लिहिल्या. फोटो हललेला नसावा. आकाश वगैरे आवडी सांगू नयेत.

थंडी पडेपर्यंत दाराशी कुणी आलं नाही. मग एक आलं. नाव नुसतं ‘पोळलेली मासळी’. ओळख अशी: “नोकरी गेली, स्वयंपाक शिकतोय. नवीन आहे, सांभाळून घ्या.”

मासाएनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. सबंध घरात दुसरं वाचायला काहीच नव्हतं. एवढ्या सूचना देऊनसुद्धा दोन वाक्यं! वर सांभाळून घ्यायचं म्हणे. तिनं ‘नामंजूर’ दाबलं आणि कारणाच्या रकान्यात लिहायला बसली. ओळख ही माणसाची शोभा असते इथपासून सुरुवात करून, अलीकडची माणसं आयतं घर मागतात इथपर्यंत आली. मग शब्द बदलले, एक टोमणा काढून त्याहून तिखट घातला, शेवटी ‘नीट लिहून पुन्हा यावे’ असं मोठेपणानं जोडलं आणि पाठवून दिलं.

मग ती त्याची वाट बघत बसली. शेगडीवरचं पाणी आटत आलं तरी उठली नाही. तो परत आला नाही. जायला हजारो घरं होती, आणि बहुतेकांची दारं उघडी होती.

“बघितलंत ना,” ती तोशिरोला म्हणाली, “चिकाटीच नसते आजकालच्या माणसांत.”